सल्लागार समितीत कोण बसले आहे, हे न्यायालय कधी तपासते?

वन्यजीव रक्षणाविषयी सरकारला सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. त्या मंडळावर सरकारने कोणत्या प्रकारचे किती सदस्य घ्यावेत, हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 5अ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. त्यात स्वयंसेवी संस्थांच्या पाच प्रतिनिधींची आणि नामवंत वन्यजीव संरक्षक, परिसंस्थाशास्त्रज्ञ व पर्यावरणतज्ज्ञ यांच्यातून निवडलेल्या दहा व्यक्तींची तरतूद आहे. जुलै 2014 मध्ये मंडळाची नवी रचना जाहीर झाली, तेव्हा या पंधरा जागांसाठी दोन तज्ज्ञ आणि गुजरात सरकारनेच स्थापन केलेली एक संस्था, एवढीच नावे दिसली. ऑगस्टच्या मध्यावर मंडळाच्या स्थायी समितीची बैठक झाली, अभयारण्यांतील आणि त्यांच्या लगतच्या शंभराहून अधिक प्रस्तावांवर तिने विचार केला, आणि 25 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयांची अंमलबजावणी रोखली. ते प्रकल्प चांगले होते की वाईट, हा प्रश्न तेथे मुख्य नव्हताच. कायद्यात पंधरा आणि यादीत तीन, एवढी वजाबाकी आक्षेपाला पुरेशी होती.

सल्ला बंधनकारक नसतो, मग तो देणाऱ्यांच्या निवडीची एवढी चिकित्सा कशासाठी, असा प्रश्न येथे कोणालाही पडेल. त्याचे एक उत्तर सरकारी फायलीत सापडते. ‘तज्ज्ञ समितीच्या शिफारशीनुसार’ असे टिपणीत एकदा लिहिले गेले की खालपासून वरपर्यंत प्रत्येक सहीला आधार मिळतो आणि कोणा एकावर निर्णयाची जबाबदारी येत नाही. दुसरे उत्तर न्यायालयांच्या सवयीत आहे. धरणाची उंची किती असावी, औषधाची मात्रा सुरक्षित आहे का, शीतपेयात कोणता घटक किती चालेल, अशा प्रश्नांत न्यायाधीश सहसा हात घालत नाहीत, कारण हा तज्ज्ञांचा प्रांत आहे आणि तज्ज्ञांनी मत दिलेले आहे, असे ते म्हणतात. ही भूमिका समजण्यासारखी आहे, पण तिचा परिणाम असा होतो की शिफारस एकदा आली की ती तिच्या गुणदोषांवर उलटवणे फार अवघड होऊन बसते. म्हणून समितीत होयबा भरले आहेत की खरोखर वेगवेगळ्या बाजूंची माणसे आहेत, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. निर्णयाला आव्हान देऊ पाहणाऱ्याच्या हाती अनेकदा तेवढाच एक मुद्दा उरलेला असतो.

न्यायालय या प्रश्नाकडे कसे पाहते, हे त्या समितीचा जन्म कुठे झाला यावर अवलंबून असते. काही समित्या कायद्यातून जन्मतात आणि त्यांची रचना कलमात लिहिलेली असते. बाकीच्या असंख्य समित्या एखाद्या शासन निर्णयाने, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत जीआरने, नेमल्या जातात आणि त्यांत कोण असावे याचे बंधन सहसा जीआर काढणाऱ्यानेच स्वतःवर घातले असेल तेवढेच. पहिल्या प्रकारात न्यायालयाच्या हातात मोजपट्टी असते. दुसऱ्या प्रकारात ती बहुधा नसते, आणि मग ‘समिती एकतर्फी आहे’ हे खरे असूनही कायद्याच्या भाषेत मांडता येत नाही.

कायद्यात लिहिलेल्या समित्यांतही ‘प्रतिनिधित्व’ म्हणजे काय, याची उत्तरे एकसारखी नाहीत. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 या एकाच कायद्यातील दोन कलमे शेजारी ठेवून वाचली तर हे नीट कळते. कलम 11 मध्ये केंद्रीय सल्लागार समिती आहे. तिच्यात अन्नप्रक्रिया व इतर खाद्य उद्योग, शेती, ग्राहक, संशोधन संस्था आणि प्रयोगशाळा यांच्या हिताचे प्रत्येकी दोन प्रतिनिधी घ्यावेत आणि राज्यांचे अन्न सुरक्षा आयुक्त पदसिद्ध सदस्य असावेत, असे म्हटले आहे. येथे प्रत्येकाने आपापल्या बाजूने बोलावे हेच अपेक्षित आहे. उद्योगाचा प्रतिनिधी उद्योगाचे हित सांगतो यात गैर काहीच नाही, कारण समोर ग्राहकाचा प्रतिनिधी बसलेला आहे. कलम 13 मधील वैज्ञानिक पॅनेल मात्र वेगळी आहेत. तेथे ‘स्वतंत्र वैज्ञानिक तज्ज्ञ’ असावेत अशी अट आहे आणि उद्योगाच्या व ग्राहकांच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी निमंत्रित करावे, असे पुढे म्हटले आहे. निमंत्रित म्हणजे सदस्य नव्हे. त्यांनी यावे, माहिती द्यावी आणि आपली अडचण सांगावी. पॅनेलचे मत मात्र तज्ज्ञांनीच ठरवावे, अशी ही मांडणी आहे.

प्रत्यक्षात घडले ते असे की अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नेमलेल्या काही पॅनेलांवर मोठ्या खाद्य व शीतपेय कंपन्यांतील अधिकारी सदस्य म्हणून बसले. शीतपेयांतील घटकांच्या सुरक्षिततेविषयी सर्वोच्च न्यायालयात आधीपासून एक जनहित याचिका चालू होती, तिच्यात हा मुद्दा पुढे आला, आणि 2011 साली न्यायालयाने कलम 13 ला धरून पॅनेल नव्याने बनवण्यास सांगितले. या अधिकाऱ्यांचे ज्ञान कमी होते असे कोणी म्हणत नव्हते. उलट, कारखान्यात पदार्थ कसा बनतो हे त्यांच्याइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल. आक्षेप असा होता की ज्या मानकांमुळे आपल्या मालकाचा नफा वाढेल किंवा घटेल ती मानके सुचवणारा माणूस कायद्याच्या अर्थाने ‘स्वतंत्र’ राहत नाही. कलम 11 च्या समितीत तोच अधिकारी बसला असता, तर वादच झाला नसता.

किमान वेतनाच्या समित्यांचा इतिहास याहून जुना आहे आणि माझ्या मते अधिक बोधप्रदही आहे, कारण तेथे न्यायालयाने रचनेच्या आक्षेपाला वारंवार नकार दिला आणि तो नकार बहुतेक वेळा योग्य होता. किमान वेतन कायदा, 1948 च्या कलम 9 नुसार समितीत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावेत, स्वतंत्र व्यक्ती एकूण संख्येच्या एकतृतीयांशाहून अधिक नसाव्यात आणि अध्यक्ष या स्वतंत्र व्यक्तींपैकी असावा, असे होते. सिन्नर किंवा सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीला हजार विड्यांमागे काय मिळणार, हे ज्या शिफारशीतून ठरत आले ती अशाच समितीची. कायदा कामगारांसाठी असला, तरी रचनेवर न्यायालयात जाणारे बहुतेक वेळा मालक असत. वेतनवाढीचा आकडा अवाजवी आहे हे सिद्ध करणे कठीण असे, त्यामुळे ‘समितीच नीट बनलेली नव्हती’ असा मार्ग धरला जाई.

अजमेरच्या एडवर्ड मिल्सच्या प्रकरणात समितीची मुदत संपून गेल्यावर सरकारने ती मागाहून वाढवली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली म्हटले की ही समिती केवळ सल्ला देणारी आहे, तिची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही आणि अशा प्रक्रियेतील उणिवेमुळे अंतिम वेतननिश्चिती रद्द होत नाही. आंध्र प्रदेशातील विडी उद्योगाच्या प्रकरणात, 1973 साली, प्रश्न अधिक नाजूक होता: सरकारी अधिकारी ‘स्वतंत्र व्यक्ती’ ठरतात का? न्यायालयाचे उत्तर असे की येथे स्वतंत्र म्हणजे मालक नव्हे आणि कामगारही नव्हे असा माणूस, आणि त्या उद्योगात सरकार स्वतः मालक नसेल तर कामगार खात्याचा अधिकारी त्यात बसू शकतो. पुढे 1985 मध्ये तर न्यायालयाने स्पष्टच सांगितले की ज्या देशात मजुरी आधीच तुटपुंजी आहे तेथे किमान वेतनाच्या अधिसूचनेत उच्च न्यायालयांनी अगदी ठोस कारणावाचून हस्तक्षेप करू नये. सल्ला बंधनकारक नाही म्हणून समितीतील त्रुटी माफ करायची, हा तर्क मला तत्त्व म्हणून पटत नाही, कारण उद्या तोच तर्क वन्यजीव मंडळालाही लावता येईल. परंतु रचनेचा आक्षेप हे कामगाराची मजुरी अडकवून ठेवण्याचे साधन बनू नये, ही न्यायालयाची काळजी खरी होती. जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या वेतन संहितेत समसमान प्रतिनिधित्वाचा नियम कायम आहे, आणि सल्लागार मंडळात एकतृतीयांश सदस्य स्त्रिया असाव्यात, अशी भर कलम 42 मध्ये पडली आहे. विडी उद्योगात हात बहुतांशी बायकांचेच असतात हे लक्षात घेतले, तर ही भर फार उशिरा आली असे म्हणावे लागेल.

तज्ज्ञ म्हणजे नेमका कशातला तज्ज्ञ, हा प्रश्न 2014 च्या जुलैमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोर आला. पुण्याच्या ‘कल्पवृक्ष’ या संस्थेने नेलेल्या त्या प्रकरणात पर्यावरण मंजुरीसाठी शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ मूल्यांकन समित्यांवरील नेमणुकांचा वाद होता. पर्यावरण मंजुरीची पद्धत ठरवणाऱ्या 2006 च्या अधिसूचनेत पात्रतेचे शब्द इतके सैल होते की लोकप्रशासनाचा किंवा व्यवस्थापनाचा अनुभव असलेला निवृत्त सनदी अधिकारी अध्यक्षपदी सहज बसू शके, मग पर्यावरणाशी त्याचा संबंध असो वा नसो. हा अनुभव पर्यावरणाशी निगडित असायला हवा, असे न्यायाधिकरणाने म्हटले. पुण्या-मुंबईतील 20,000 चौरस मीटरहून मोठ्या बांधकामांचे प्रस्ताव राज्य पातळीवरील अशाच समितीपुढे जातात, त्यामुळे ही बाब दिल्लीपुरती नव्हती.

आता जीआरने नेमलेल्या समित्यांकडे येऊ. कायद्याने जागा ठरवून दिलेल्या नसतात, तेव्हा संविधानाचे कलम 14 (समानतेचा हक्क) आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वे एवढाच आधार उरतो, आणि त्यांचा उपयोग असंतुलनापेक्षा हितसंबंधांविरुद्ध अधिक होतो. याचे सर्वात परिचित उदाहरण क्रायपाक प्रकरण आहे, ज्याचा निकाल 1969 साली लागला. जम्मू-काश्मीरमधील वनाधिकाऱ्यांतून भारतीय वन सेवेसाठी निवड करणाऱ्या मंडळावर तेथील प्रभारी मुख्य वनसंरक्षक सदस्य होते आणि तेच त्या निवडीचे उमेदवारही होते. त्यांचे स्वतःचे नाव चर्चेला आले तेव्हा ते बाजूला झाले, पण प्रतिस्पर्ध्यांची नावे विचारात घेतली जात असताना आणि अंतिम क्रम लावताना ते बैठकीत होते. यादीत त्यांचे नाव पहिले आले. सरकारने बचाव केला की हे मंडळ फक्त शिफारस करणारे होते, अंतिम निवड लोकसेवा आयोगाची. सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला, कारण शिफारसच पक्षपाती असेल तर तिच्यावर उभा राहिलेला निर्णय शुद्ध राहत नाही. एडवर्ड मिल्सच्या निकालाला शब्दशः छेद न देताही क्रायपाकने ‘केवळ सल्ला’ या ढालीला मोठे भोक पाडले, असे मी समजतो.

परंतु हितसंबंध वेगळा आणि मत वेगळे. माणसाचे मत आधीच बनलेले आहे, एवढ्यावरून तो अपात्र ठरत नाही. कृषी कायद्यांच्या वादात जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच चार जणांची समिती नेमली, तेव्हा याचा अनुभव आला. अशोक गुलाटी, प्रमोद जोशी, शेतकरी संघटनेचे अनिल घनवट आणि भूपिंदरसिंग मान या चौघांनीही त्या कायद्यांना किंवा त्यांमागील सुधारणांना आधीच जाहीर पाठिंबा दिलेला आहे, असा आंदोलकांचा आक्षेप होता. मान दोनच दिवसांत बाहेर पडले. सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी सांगितले की पूर्वी मत व्यक्त केले म्हणून कोणी समितीसाठी अपात्र होत नाही आणि समितीला निवाड्याचा अधिकारही दिलेला नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. तरीही एकाच मताची चार माणसे निवडली गेली तर चौघेही प्रामाणिक असूनही समितीचे काम अपुरे राहते, आणि आंदोलकांनी तिच्याकडे पाठ फिरवली ती याच कारणाने. संतुलन ही एकेका सदस्याची पात्रता नाही, तो संपूर्ण यादीचा गुण आहे, आणि आपल्या कायद्यात त्या गुणाला सर्वसाधारण असे कोठेही स्थान नाही.

अमेरिकेत ते आहे. तेथील संघीय सल्लागार समिती कायदा 1972 चा. सरकारला सल्ला देण्यासाठी नेमलेल्या, बाहेरच्या व्यक्तींचा समावेश असलेल्या समित्यांना तो एकत्रितपणे लागू होतो. समितीची लेखी सनद हवी, बैठकीची पूर्वसूचना हवी, बैठका सामान्यतः खुल्या हव्यात आणि सदस्यत्व ‘मांडल्या जाणाऱ्या दृष्टिकोनांच्या आणि समितीच्या कामाच्या संदर्भात योग्य प्रकारे संतुलित’ असावे, ही त्यातील मुख्य बंधने. हे वाचून आपल्याकडेही असाच कायदा हवा, असे पटकन वाटते. मात्र तेथील न्यायालयांचा अनुभव थोडा सावध करणारा आहे. रेगन यांच्या काळात सरकारी खर्च कमी करण्यासाठी नेमलेल्या आयोगावर बहुतांशी बड्या कंपन्यांचे प्रमुख होते. सरकारी अन्नसाहाय्यावर जगणाऱ्यांच्या वतीने दावा झाला, पण आयोगाचे काम खर्चकपातीपुरते मर्यादित आहे आणि त्या कामासाठी ही रचना असंतुलित म्हणता येत नाही, असे अपील न्यायालयाने 1983 मध्ये ठरवले. म्हणजे समितीचे काम किती अरुंद शब्दांत लिहायचे हे ज्याच्या हाती, संतुलनाचा अर्थही बऱ्याच अंशी त्याच्याच हाती.

अन्नातील सूक्ष्मजीवांच्या निकषांवर सल्ला देणाऱ्या समितीत ग्राहकांचा प्रतिनिधी नाही, या 1989 च्या दाव्यात तर तीन न्यायाधीशांनी तीन वेगवेगळी मते लिहिली. एकाच्या मते रचना कायद्याला धरून होती, दुसऱ्याच्या मते संतुलन हा न्यायालयाने मोजण्याचा विषयच नाही, आणि तिसऱ्याच्या मते तो मोजता येतो आणि येथे कायदा मोडला आहे. याउलट 2020 मध्ये पोलीस सुधारणांसाठी नेमलेल्या आयोगात केवळ कायदा अंमलबजावणी क्षेत्रातील माणसे घेतली गेली, नागरी हक्कांसाठी काम करणारा किंवा आरोपींच्या बाजूने उभा राहणारा एकही नाही, तेव्हा वॉशिंग्टनच्या संघीय न्यायाधीशांनी कायदा मोडल्याचा निकाल दिला. अहवाल प्रसिद्ध करण्यास मात्र बंदी झाली नाही. आयोगाच्या रचनेत कायद्याचे उल्लंघन झाले, असे निवेदन अहवालातच छापावे, अशी अट घातली गेली. उपाय म्हणून हे तोकडे वाटेल, पण वाचणाऱ्याला अहवाल कोणाच्या तोंडचा आहे हे कळते, आणि आपल्याकडच्या कित्येक अहवालांविषयी तेवढेही कळत नाही.

या सगळ्यावरून माझे मत असे बनले आहे की ‘संतुलन असावे’ अशा उदार वाक्यापेक्षा ‘अमुक प्रकारचे इतके सदस्य’ हे रुक्ष वाक्य न्यायालयात अधिक टिकते. त्यातही नामनिर्देशन सरकारकडे न ठेवता बाहेरच्या संस्थेकडे देण्याचा मार्ग आणखी भक्कम असतो. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील औषध तांत्रिक सल्लागार मंडळावर इंडियन मेडिकल असोसिएशनसारख्या संस्था आपला प्रतिनिधी स्वतः निवडून पाठवतात, आणि त्या निवडीत मंत्रालयाचा हात नसतो. अर्थात जागा मोजून झाल्या म्हणजे सर्व झाले असेही नाही. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्ण बैठक 2012 नंतर थेट मार्च 2025 मध्ये, गीर येथे झाली. मधल्या काळात प्रकल्पांना मंजुरी देण्याचे काम स्थायी समिती करत राहिली, आणि तिच्यावर मंडळातील कोणते दहापर्यंत सदस्य घ्यायचे हे पर्यावरणमंत्री ठरवतात. कलम 5अ मधील पंधरा जागा भरल्या आहेत का हे न्यायालय विचारू शकते, पण त्या पंधरांना बोलावले जाते का, हे त्या कलमात नाही.

ज्यांना एखाद्या समितीची रचना तपासायची आहे त्यांच्यासाठी माहिती अधिकार कायद्यातील कलम 4(1)(ख)(आठ) उपयोगाचे आहे. सल्ला देण्यासाठी नेमलेल्या, दोन किंवा अधिक व्यक्तींच्या प्रत्येक मंडळाची, परिषदेची व समितीची माहिती सार्वजनिक प्राधिकरणाने अर्जाची वाट न पाहता प्रसिद्ध करावी, बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त पाहायला मिळते का हेही सांगावे, असे त्यात म्हटले आहे. अनेक खात्यांच्या संकेतस्थळांवर या रकान्यात ‘निरंक’ लिहिलेले आढळते. अशा वेळी जीआरचा क्रमांक व दिनांक देऊन रीतसर अर्ज करावा आणि सदस्यांची यादी, हजेरीपट व इतिवृत्त ही तीनही कागदपत्रे मागावीत, कारण यादीत असलेला ग्राहक प्रतिनिधी बैठकीला होता की नाही हे केवळ हजेरीपटावरूनच समजते.

आक्षेप घ्यायचा झाल्यास तो लवकर घ्यावा लागतो. मानकलाल विरुद्ध प्रेमचंद सिंघवी या 1957 च्या प्रकरणात चौकशी मंडळाचा अध्यक्ष पूर्वी विरुद्ध पक्षाचा वकील राहिलेला होता आणि पक्षपाताची शक्यता सर्वोच्च न्यायालयाने मान्यही केली. तरीही हे ठाऊक असून वेळेवर हरकत घेतली नाही, निकाल विरुद्ध गेल्यावर ती सुचली, म्हणून ती ऐकली गेली नाही. त्यामुळे समितीचा जीआर निघाल्यावर, पहिल्या बैठकीच्या आधीच, संबंधित सचिवांना लेखी निवेदन देऊन त्याची पोच घेणे आणि कायद्यातील कोणत्या कलमातील कोणती जागा रिकामी आहे किंवा चुकीच्या व्यक्तीने भरली आहे हे त्यात नेमकेपणाने लिहिणे श्रेयस्कर ठरते. उच्च न्यायालयात परमादेशाची, म्हणजे सरकारला त्याचे कायदेशीर कर्तव्य बजावण्याचा हुकूम द्यावा अशी, याचिका पुढे करावी लागलीच, तर पहिल्याच सुनावणीत ‘इतके दिवस काय करत होता’ असे विचारले जाते, आणि त्याला ती पोच हेच उत्तर असते.